आधी उतार दाखव : शहर घडवायला शिकायचं म्हणजे काय शिकायचं?

वडिलांनी घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून आमच्या ओट्यावर यायला चार पायऱ्या चढाव्या लागत. आता दीड उरली आहे. घर काही खचलेलं नाही, रस्ताच वर आला. आधी डांबर, त्यावर पुन्हा डांबर, त्यावर काँक्रीट, काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. जुना थर खरवडून काढायला वेळ लागतो आणि उद्घाटनाच्या फोटोत ते काम दिसत नाही. शेजारच्या काकूंचं घर आमच्याहून जुनं आणि जोत्याला बुटकं. त्यांच्याकडे आता रस्त्यावरून घरात दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. पावसाळा आला की काकू उंबऱ्याशी विटांचा बांध घालतात आणि त्याला चंबळेवरच्या धरणावरून ‘आमचं गांधीसागर’ म्हणतात.

माझी भाची इथेच, इंदूरमध्ये, नगररचना शिकते. मागच्या उन्हाळ्यात ती गुंडाळी करून आणलेल्या तिच्या शीटा दाखवायला आली. एका नव्या उपनगराचा आराखडा होता. रंग इतके नेटके भरलेले, की जेवणाच्या टेबलावर पसरताना मी आधी तेलाचा हात पुसून घेतला. सगळं बघून झाल्यावर विचारलं, “पाऊस पडला, तर ह्या पिवळ्या चौकोनातलं पाणी कुठे जाईल?”

ती बराच वेळ शीटकडे बघत राहिली. “मामा, हे ज्युरीत कोणी विचारलंच नाही.” ज्युरी म्हणजे शीटा तपासायला बसलेले परीक्षक.

तिच्या कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजात विचारलं असतं अशी माझी खात्री नाही. मी चाळीस वर्षं सर्व्हेचं काम केलं. डंपी लेव्हल, स्टाफ, फील्ड बुक, डोक्याला टॉवेल. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं तसा मला सगळीकडे उतारच दिसतो, हे मान्य. पण शहर घडवायला शिकणाऱ्या मुलांना सर्वांत आधी काय शिकवावं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. कोरा कागद नंतर द्या. आधी असलेल्या गल्लीत उभं करा आणि म्हणा, उतार दाखव.

आराखडा म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. मराठीत विकास आराखडा, आमच्याकडे सरसकट ‘मास्टर प्लान’. पुढच्या वीसेक वर्षांत शहर कुठे, कसं वाढावं याचा हा कायदेशीर नकाशा. मध्य प्रदेशात तो १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली होतो. नकाशावर रंग ठरलेले असतात. राहण्याची जागा पिवळी, व्यापार निळा, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने-कचेऱ्या लाल, बागा आणि मैदानं हिरवी. त्यावर रस्त्यांची रुंदी, आणि कुठल्या रंगात किती मजले, किती बांधकाम, याचे नियम. तुम्ही ‘नक्शा पास’ करायला जाता तेव्हा तुमचा प्लॉट ह्या रंगांवर ठेवून पाहिला जातो.

रंगांची एक अडचण आहे. सराफ्यात जा. दिवसा सोनं-चांदी. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबी. जागा तीच, ओटा तोच, धंदा आणि गिऱ्हाईक वेगळं. नकाशात ह्या जागेला एकच रंग देता येतो, कारण नकाशाला घड्याळ नसतं. मुलांना पहिल्या वर्षी सराफ्यात सकाळी अकराला आणि रात्री अकराला असं दोनदा नेलं, तर मिश्र वापर म्हणजे काय यावर वेगळं लेक्चर द्यायला लागणार नाही. खायचे पैसे तेवढे कॉलेजनं द्यावेत.

दुसरी अडचण वेळेचीच, पण मोठ्या मापाची. इंदूरचा आधीचा आराखडा १९९१ पर्यंतचा होता. त्याच्या जागी आलेला, २०२१ पर्यंतचा आराखडा लागू झाला २००८ साली. मधली वर्षं जुन्या नकाशावर निघाली. शहर तेवढ्यात थांबलं नव्हतं. ज्यांना आपण ‘अवैध कॉलनी’ म्हणून नाक मुरडतो, त्या अशाच मधल्या वर्षांत भरत जातात. माणसं राहायला आधी येतात, रंग मागून येतो.

आता उतार.

भाचीला म्हटलं, तुझ्या वर्गातल्या तिघा-चौघांना रविवारी घेऊन ये, लॅपटॉप नको. गवंड्यांकडे असते ती पारदर्शक नळी आणली, पंधरा मीटरची. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन काठ्यांना बांधायची. मधल्या भागात नळी कशीही पडलेली असो, दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच. मग प्रत्येक टोकाला जमिनीपासून पाण्यापर्यंत किती सेंटिमीटर, ते टेपनं मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जमिनीचा चढ किंवा उतार. एवढंच. विजयनगरातल्या दुमजली बंगल्यापासून पंधरा मजली टॉवरपर्यंत कितीतरी इमारतींची जोती ह्या नळीवर जुळवलेली आहेत. फक्त नळीत बुडबुडा राहता कामा नये. पहिली तीन रीडिंग बुडबुड्यामुळे वाया गेली आणि मुलांनी एकमेकांवर ढकललं, तेव्हा मला आमच्या जुन्या साइटची आठवण आली.

दर दहा मीटरला एक रीडिंग घेत गेलो. गल्लीची लांबी एकशे दहा मीटर. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उतार अवघा अडतीस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तीनशेला एक. तोही सलग नाही. मध्ये, स्पीड ब्रेकरपाशी, रस्ता अकरा सेंटिमीटर फुगलेला. काकूंच्या घरातली फरशी रस्त्याहून बावीस सेंटिमीटर खाली. मुलांनी आकडे लिहून घेतले आणि न सांगता विटांच्या बांधाकडे बघितलं.

पाण्याचा हिशेब पाचवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्या गल्लीत प्लॉट तीस बाय पन्नासचे, म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला, तर एका प्लॉटवर ७,००० लिटर. पूर्वी अर्धं अंगण मातीचं होतं, तुळस, पारिजातक, कपडे वाळत घालायची तार. निम्मं पाणी तिथे मुरे, निम्मं बाहेर जाई. आता कंपाउंडपर्यंत टाइल, म्हणजे दहातले नऊ भाग बाहेर. अशी चाळीस घरं धरा. पूर्वी रस्त्यावर येणारं पाणी १,४०,००० लिटर, आता २,५२,०००. दहा हजारांच्या टँकरांत मोजलं, तर चौदाच्या जागी पंचवीस टँकर. रस्त्याकडेची नाली मात्र चौदा टँकरांच्या काळातली. इंजिनियर लोक ह्या वाहून जाणाऱ्या पाण्याला रनऑफ म्हणतात आणि त्याच्या प्रमाणासाठी एक गुणांक लावतात, पण आत हेच असतं. माळव्याची काळी माती तर आणखी लहरी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पहिल्या पावसात घटाघटा पिते, आणि एकदा फुगली की तोंड मिटून बसते.

सांडपाण्याचं गणित याच्या शेजारचं. ड्रेनेजच्या पाइपात पाणी उतारावर आपोआप वाहायला हवं. फार सावकाश वाहिलं तर गाळ खाली बसतो, म्हणून सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग राहील असा उतार देतात. घरगुती, दीडशे मिलिमीटरच्या पाइपाला हिशेबासाठी शंभराला एक धरा. शंभर मीटर गेलात की पाइप एक मीटर खाली. मोठ्या पाइपाला कमी उतार चालतो, पण तत्त्व तेच. जमीन सपाट असली, किंवा तुम्ही जमिनीच्या उताराविरुद्ध चाललात, तर खणणं खोल खोल होत जातं आणि शेवटी पंप बसवावा लागतो. पंप आला की वीज आली, माणूस आला, बिघाड आला. म्हणून ड्रेनेज टाकणारा शहाणा माणूस आधी विचारतो, ह्या गावात पाणी स्वतःहून कुठे जातं?

पिण्याच्या पाण्याचंही एक सांगून ठेवतो. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो आणि आतला दाब संपतो. त्याच चरात शेजारून ड्रेनेजची फुटकी लाइन जात असेल, तर बाहेरचं घाण पाणी पाइपाच्या भेगेतून आत ओढलं जातं. दाब असलेला पाइप गळला तर पाणी बाहेर जातं, दाब नसलेला पाइप घाण आत घेतो. नकाशावर दोन्ही रेघा अगदी सुबक शेजारी शेजारी असतात. त्या दोन रेघांमध्ये किती अंतर, कोण वर, कोण खाली, हे मुलांना चराच्या काठावर उभं करून दाखवायला हवं.

इंदूरचं पाणी स्वतःहून जातं उत्तरेला. शहरात खान नदी आहे, आता सरकारी कागदांत कान्ह. शहरातच तिला सरस्वती मिळते आणि पुढे ती क्षिप्रेला जाते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. आणि आपण पितो ती नर्मदा. जलूदहून, सत्तरेक किलोमीटरांवरून, विंध्याचा घाट चढवून १९७८ पासून तिचं पाणी इथे येतं. म्हणजे इंदूरकर अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी वर ओढून आणतो, भांडी घासतो आणि बंगालच्या उपसागराकडे सोडून देतो. त्या सोडण्याचा हिशेब दुसऱ्याच्या गावात चुकता होतो. २०१६ च्या सिंहस्थाआधी खानचं पाणी उज्जैनच्या घाटांना वळसा घालून न्यायला वेगळी पाइपलाइन टाकावी लागली. भाचीच्या शीटला चारी बाजूंनी काळी चौकट होती. पाण्याला चौकट नसते.

आता, गावात सर्वांत खालच्या जागी कोण राहतं? ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही तो. नाल्याच्या काठची जमीन कोणाला नको असते, म्हणून तिथे वस्ती होते. १९९० च्या आसपास इंदूरमध्ये काम करताना हिमांशु पारीख या इंजिनियरनं ही गोष्ट उलटी करून वाचली. झोपडवस्त्या जर पाण्याच्या नैसर्गिक वाटांवरच आहेत, तर सगळ्या शहराची मुख्य ड्रेनेज लाइन त्याच वाटेनं न्यावी. उतार आयता मिळतो, पंप लागत नाहीत, आणि वस्तीला शेवटी उरलंसुरलं मिळण्याऐवजी मुख्य लाइन तिच्या दारातून जाते. वस्तीत सार्वजनिक संडासांपेक्षा घरोघरी संडास, आणि घरापासून लाइनपर्यंतचा जोड घरवाल्याच्या खर्चानं. आणि रस्ते? ते जोत्याच्या खाली, खोदून घेतलेले. पाऊस पडला की रस्ताच पन्हळ होतो, पाणी घरात न शिरता रस्त्यावरून निघून जातं. मी हे मुलांना काकूंच्या दारात उभं राहून सांगितलं. नेमकं हेच आमच्या गल्लीत उलटं झालंय, हे वेगळं सांगावं लागलं नाही. ह्या कामाला १९९८ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

पुढे त्यावर टीकाही झाली, आणि ती मुलांपासून लपवू नये. पाइप पडले, पण घरोघरचे जोड आणि नंतरची देखभाल मागे राहिली. ठिकठिकाणी लाइनी तुंबल्या. कल्पना चूक नव्हती. पण झाकण उघडून गाळ काढणारा माणूस, त्याचा पगार, त्याच्या हातमोज्यांचं बिल, हे कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हतं.

एक आणखी जुनी पायरी खाली उतरू. १९८४ च्या सुमारास माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची मंडळी आणि आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची संस्था, यांनी इंदूरच्या झोपडवस्त्या चक्क मोजल्या. घरं तर मोजलीच, पण ओटे किती खोल, गल्ली कुठे रुंद होते आणि का, झाडाखाली काय चालतं, हातगाडी रात्री कुठे उभी राहते, शिवणाचं मशीन उजेडासाठी दारात कुठे ठेवलेलं असतं, असल्या गोष्टी. ज्याला सगळे बकालपणा म्हणत होते, त्यात नियम होते. त्या मोजणीचा उपयोग अरण्यमध्ये झाला. एबी रोडला, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याला, लागून सुमारे ८५ हेक्टरांवर, इंदूर विकास प्राधिकरणासाठी दोशींनी आखलेली ही वसाहत. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, त्यावर नुसतं जोतं, संडास-मोरी आणि पाण्याची सोय, फार तर एक खोली. बाकीचं घर माणसानं आपल्या ऐपतीनं, आपल्या सवडीनं बांधायचं. मोठ्या रस्त्यांवरचे मोठे प्लॉट चढ्या भावानं विकून त्यातून गरिबांच्या प्लॉटांना हातभार. नमुन्यादाखल ऐंशी घरं बांधून दाखवली, बाकीची लोकांवर सोपवली. १९९५ ला त्याला आगा खान पुरस्कार, आणि दोशींना २०१८ साली वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार, हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

आज तिथे गेलात तर फोटोतलं अरण्य शोधावं लागेल. दोन प्लॉट एक झालेत, ओटे आत घेतलेत, काही मूळ माणसं विकून गेलीत. भाचीची मैत्रीण म्हणाली, “म्हणजे काका, फसलं ना?” मला तसं वाटत नाही. अर्धं सोडून दिलेलं घर लोकांनी पुरं केलं, त्यांच्या मनासारखं केलं, आर्किटेक्टच्या नाही. शिकवताना मी हाच प्रश्न परीक्षेत घातला असता : तुम्ही काढलेल्या रेघेतली कोणती रेघ लोकांनी पुसली तर चालेल, आणि कोणती पुसली तर चालणार नाही? ओटा पुसला तर गल्ली जरा उदास होईल. नाली पुसली तर गल्ली बुडेल.

आणि ह्या सगळ्याच्या आधी पॅट्रिक गेडिस. मूळचा वनस्पतिशास्त्राचा माणूस, स्कॉटलंडचा. १९१४ साली शहरांचं एक मोठं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात निघाला. तो पोचला, नकाशे-चित्रं मात्र ज्या बोटीवर होती ती जर्मनांच्या एमडन जहाजानं बुडवली. (आमच्या आजीच्या तोंडी कडक माणसाला ‘एमडन’ हा शब्द असे, तो ह्याच जहाजावरून.) गड्यानं पुन्हा साहित्य जमवून प्रदर्शन भरवलं. बडोद्याचा अहवाल १९१६ चा, इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा, तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी.

गेडिसचं म्हणणं, आधी पाहणी, मग आराखडा. वैद्य नाडी बघितल्याशिवाय काढा देत नाही, तसं. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापत न्यायचा, हजार घरं पाडायची, ह्याला त्याचा विरोध होता. तो गल्लीगल्लीतून चालायचा आणि नकाशावर खुणा करायचा. हे पडकं घर काढा, इथे थोडी मोकळी जागा होईल, तिथे झाड लावा, बाकी राहू द्या. जपून केलेली शस्त्रक्रिया. त्याच्या नेमकं उलटं जे असतं त्याला, म्हणजे रस्ता रुंदीकरणाला, आमच्याकडे ‘चौडीकरण’ म्हणतात. भिंतीवर लाल रंगाची खूण दिसली की घरातली म्हातारी माणसं बोलेनाशी होतात.

त्याची एक हकीगत चरित्रांतून येते. शहरात प्लेगची धास्ती. उपदेश करून कोणी घर साफ करेना. गेडिसनं महाराजांकडून एक दिवस मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढायची ठरवली. जाहीर केलं की मिरवणूक सर्वांत स्वच्छ राखलेल्या रस्त्यांवरून जाईल. लोक झाडू घेऊन भिडले. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता. ज्या गावात आजही अनंतचतुर्दशीची झाँकी बघायला लोक रात्रभर जागतात, त्या गावाची नस बाहेरून आलेल्या ह्या माणसाला बरोबर सापडली होती.

पण मला त्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. नाले, रस्ते, घरं यांचा सल्ला द्यायला बोलावलेल्या माणसानं त्यात इंदूरच्या नियोजित विद्यापीठावर लांबलचक लिहिलं. त्याच्या लेखी ही दोन कामं नव्हतीच. शहर समजून घेणारी माणसं शहरातच तयार व्हायला हवीत, नाहीतर आराखडा परक्याच्या हातातला कागद राहतो. १९१९ साली तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. इंदूरला विद्यापीठ आलं १९६४ साली.

आज ती माणसं किती आहेत? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडे आहेत. देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना खात्यांत बारा हजारांहून जास्त नगररचनाकार हवेत, मंजूर पदं चार हजारांच्या आत, आणि त्यातली निम्मी रिकामी. कित्येक राज्यांत ह्या पदांना नगररचनेची पदवी सक्तीचीही नाही. म्हणजे भाचीसारखी पोरं शिकून बाहेर पडतात आणि बिल्डरच्या ब्रोशरात झाडं काढत बसतात.

मोजायला शिकवताना आणखी एक सवय लावावी : वाहनं मोजू नका, माणसं मोजा. बारा मीटरच्या बसमध्ये पन्नास माणसं. तीच पन्नास माणसं दीड-दीड करून कारमध्ये बसवली तर तेहतीस कार, पुढचं-मागचं अंतर धरून दोनशे मीटरची रांग. एबी रोडवरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, २०१३ साली आला आणि २०२५ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर काढायला घेतला. तो बरा होता की वाईट, यावर आमच्याकडे पोहे थंड होईपर्यंत भांडण चालतं, पण मी ऐकलेल्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजू गाड्याच मोजत होत्या.

आणि देखभाल. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. का येतं? त्यासाठी कोणी भव्य इमारत बांधलेली नाही. रोज सकाळी पिवळी गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला-सुका वेगळा मागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. ड्रेनेजनं जे दाखवलं त्याचीच ही दुसरी बाजू. इथे रोजचा परिपाठ हाच प्रकल्प आहे. भाचीच्या अभ्यासक्रमात डिझाइनला भरपूर मार्क आहेत, बांधल्यावर पाचव्या वर्षी ती वस्तू कोण पुसणार, उघडणार, दुरुस्त करणार, यावर एकही प्रश्न नाही.

मुलांनी गल्लीचा नकाशा केला. रंग नाहीत. फक्त पाच-पाच सेंटिमीटरच्या समपातळीच्या रेघा, पेन्सिलीनं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर एक आकडा. आम्ही तो काकूंना दाखवायला नेला. चष्मा लावून त्यांनी आधी आपलं घर शोधलं, मग बोट मागच्या बाजूला सरकवलं.

“इथे नाली होती. मागच्या गल्लीत. सगळं पाणी तिकडे जायचं. रस्त्यावर कधी थेंब नसे. तुमच्या नळीत आलंय का ते?”

आलं होतं. मागच्या बाजूची रीडिंग पुढच्यापेक्षा खाली होती, आणि आम्ही ती चूक समजून दोनदा तपासली होती. भाचीनं काकूंना विचारत विचारत नालीची वाट तुटक रेघेनं काढली. ती चार घरांच्या मागून गेली. चारही ठिकाणी आता पक्की स्वयंपाकघरं आहेत, नालीवर स्लॅब टाकून वाढवलेली.

“मामा, ह्यातलं हे तिसरं...”

तिसरं आमचं आहे. १९९६ चं. लेव्हल मीच काढली होती.